हाफकिन : पाटीवरचे नाव आणि पाटीमागचा माणूस

परळची हाफकिन संस्था आपल्याला नावाने ठाऊक असते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हे सांगितले की आपले पुष्कळ मित्र चकित होतात. ज्यांना ठाऊक असते त्यांना एकच प्रसंग माहीत असतो : 10 जानेवारी 1897 रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. प्रसंग रोमहर्षक आहे, यात शंका नाही. तरीही, माझे स्पष्ट मत असे की, त्यांचे मोठेपण शोधायचे तर 1902 ते 1907 या वर्षांत शोधावे.

ओडेसाचा हा ज्यू प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवीही नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी लस सिद्ध केली. इकडे पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्याच जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. घरांत घुसणारे सोल्जर आणि आपल्याच दंडावर सुई टोचून घेणारा संशोधक, सरकारचे हे दोन चेहरे आपण इतिहासाच्या तासाला शेजारीशेजारी कधीच ठेवत नाही. का बरे?

आता मुलकोवाल. पंजाबातल्या या खेड्यात 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना लस टोचली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले. (ते चरित्रग्रंथांत केवळ आकडा होऊन येतात, हेही मला खटकते.) सगळे एकाच बाटलीतले! चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस निर्जंतुक करण्यासाठी कार्बोलिकऐवजी उष्णता वापरली, हा मोठा अपराध ठरला. वास्तविक पाश्चर संस्थेत ती रीत रूढ होती. हाफकिन पदावरून दूर झाले. पुढे उलगडा झाला तो असा : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला.

हे मान्य व्हायला जवळजवळ पाच वर्षे लागली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे सरकार हलले. शास्त्राचा प्रश्न, पण सुटला तो पुरावा नीट वाचून आणि तो चारचौघांत ठामपणे मांडून. ही कामे आपण कलाशाखेचे विद्यार्थी आपली म्हणवतो. म्हणून हे प्रकरण आपणही अभ्यासावे असे मला वाटते.

हाफकिन परतले ते कलकत्त्यास. परळची जागा त्यांना मिळाली नाही. त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले 1925 मध्ये. तेव्हा ते हयात होते. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला.