पोवळी घरात नकोत
सांगलीच्या भाच्याने फोन केला, "मामू, घरात पोवळ्यांची टाकी करतोय." मी साताऱ्याहून जाऊन बघितली. हौस खरी आहे. पण पाणी 25-26 अंशांवर राहायला हवं आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. पाणी उडतं, मीठ मागे उरतं. रोज आरओचं गोडं पाणी घालावं लागतं. वीज गेली की पंप बंद. पाणी तापलं की पोवळ्यातलं शेवाळ निघून जातं, पोवळं पांढरं पडतं.

शिवाय कठीण पोवळी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं गुन्हा आहे.

मी म्हटलं, "बेटा, टाकीत गोड्या पाण्यातले मासे सोड. पोवळी बघायला मालवणला जाऊ. तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे." जे जगवता येत नाही, ते घरी आणणं ही आवड नव्हे.