एक पाटा अधिक

आमच्या पुतण्याची लहान पिकअप टोमॅटोचे क्रेट नारायणगांवच्या बाजारांत नेते. गेल्या महिन्यांत तिचा मागील एक पाटा तुटला. मिस्त्री म्हणाला, “दादा, दोन्हीकडे एकेक पाटा जास्त घालूं, माल अधिक चढेल.” डोक्यावर कर्जाचे हप्ते, पुतण्यास मोह पडला. मीं त्याला थांबविलें.

वाचकहो, सारख्या जाडीच्या ४ पाट्यांत ५ वा घातला, तर कमान सुमारें सव्वापट ताठ होते. परंतु आंस, ब्रेक व टायर पूर्वींचेच राहतात. गाडी खालीं बसत नाहीं, म्हणून ती उतारावर थांबेलच असें नव्हे. १९८८ चा मोटार वाहन कायदाहि भाराची मर्यादा नोंदणीपत्रावरून धरतो, पाटे मोजून नव्हे.

अखेर दोन्हीकडे मूळ मापाचेच नवे पाटे बसविले, यू-बोल्टहि बदलले, आणि गाडी थोडी चालल्यावर ते पुन्हां आवळून घेतले.

‘मोडेन पण वाकणार नाहीं’ हा बाणा माणसास शोभेल. पाट्याचा धर्म वाकून सांवरण्याचा आहे. घरांतील मिळवत्या मुलावर भार घालतांना आम्हां वडीलधाऱ्यांनींहि हें स्मरावें.