कटकट ऐकून घ्या!

बॉसची कटकट, ट्रॅफिकची कटकट, ईएमआयची कटकट, ‘लग्नाचं काय ठरवलंस?’ ही घरच्यांची कटकट... या सगळ्याला कंटाळून आपण एक दिवस मस्तपैकी माउंटन बाइक घेतो. गिअरवाली, जाड टायरची, पुढे सस्पेन्शन. एक-दोन पावसाळे झकास जातात. आणि मग एका रविवारी, ऐन चढावर, दोन पायांच्या मधून आवाज यायला लागतो. कट... कट... कट. म्हणजे इथेही सुटका नाहीच!

पण मंडळी, बाकीच्या कटकटी खुशाल कानाआड करा, ही एक मात्र ऐकून घ्या. सायकल उगाच बोलत नाही.

आवाज येतो ती जागा आधी समजून घेऊ. पायडल ज्या दांड्यांना लावलेलं असतं ते क्रँक. दोन्ही क्रँक एका आडव्या एक्सलवर बसतात आणि तो एक्सल फ्रेमच्या अगदी तळाशी असलेल्या नळकांड्यात, बेअरिंगवर फिरतो. शोरूममध्ये याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, दुकानात नुसतं ‘बीबी’. (हिंदीतल्या बीबीशी संबंध नाही, पण दुर्लक्ष केलं तर परिणाम साधारण तोच!)

आता जरा हिशेब करू. तुमचं वजन ७० किलो. क्रँकची लांबी १७५ मिलिमीटर, पुढच्या चेनव्हीलला ३२ दाते. चढावर सीटवरून उठून तुम्ही सगळं वजन एका पायडलवर टाकलंत की चेनवर येणारा ताण १९० किलोच्या आसपास जातो. क्रँक म्हणजे तरफच ना! हा सगळा भार पेलतात ते मूठभर छर्रे. आपण सायकल घेताना फ्रेम बघतो, ब्रेक बघतो, रंग तर नक्कीच बघतो. छर्रे कोण बघतो?

आमच्या ग्रुपमधला एकजण. नोकरी हिंजवडीत, घर साताऱ्यात. शनिवारी रात्री एसटीनं यायचं आणि रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचं, हा ठरलेला शिरस्ता. तीन आठवडे त्याच्या डाव्या क्रँकमधून आवाज येत होता. साताऱ्यातल्या एका मिस्त्रींनी नुसतं ऐकून सांगितलंही होतं, ‘‘साहेब, आधी आवळून घ्या. अशी फिरवू नका.’’ यावर आपल्या सगळ्यांचं पेटंट उत्तर, ‘‘पुढच्या आठवड्यात बघू, मामा.’’ कानात हेडफोन होतेच. क्रँक बोलत होता, साहेब गाणी ऐकत होते. चौथ्या रविवारी घाट उतरताना तो पायडलवर उभा राहिला आणि डावा क्रँक पायासकट निसटला. कॉलरबोन मोडलं, दीड महिना हात गळ्यात. समोरून गाडी येत नव्हती म्हणून एवढ्यावर भागलं.

हे होतं कसं? बऱ्याच सायकलींमध्ये एक्सलचं टोक चौकोनी असतं, स्टीलचं. त्यावर बसणारा क्रँक अॅल्युमिनियमचा. बोल्ट जरासा ढिला झाला की प्रत्येक फेऱ्याला कडक स्टील मऊ अॅल्युमिनियम खात जातं. चौकोनी भोक एकदा का गोलसर झालं, की मग बोल्ट कितीही पिळा, क्रँक नीट बसत नाही. वेळेवर आवळला तर दोन मिनिटांचं काम. नाहीतर नवा क्रँक. आणि नशीब फिरलं तर नवं हाडसुद्धा!

तुमची सायकल कटकट करते का? मग घरच्या घरी ही तपासणी करा. पायडल मारणं थांबवल्यावर आवाज थांबतो? मग दोष पायडल, क्रँक, चेनव्हीलचे बोल्ट किंवा बीबी यांच्यापैकी कुठेतरी आहे. सीटवरून उठल्यावर थांबतो? मग आधी सीटचा दांडा बघा, बिचाऱ्या बीबीला दोष देऊ नका. आता क्रँक हातात धरून फ्रेमच्या दिशेनं आत-बाहेर हलवा. एकच क्रँक हलला तर तो एक्सलवर ढिला आहे. दोन्ही एकदम हलले तर बेअरिंग झिजलंय किंवा बीबीच ढिला झालाय. शेवटी चेन चेनव्हीलवरून उतरवा आणि क्रँक हलकेच फिरवा. गुळगुळीत फिरायला हवा. बोटांना खरखर जाणवली तर आत पाणी किंवा माती शिरली, असं समजा.

शिरते कुठून? कासच्या बाजूला जांभ्याचा तांबडा चिखल, खाली सांगलीकडे काळी माती. ही बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर पातळ करून आत भरल्यासारखं होतं. त्यात आपण राइडवरून आलो की हौसेनं वॉशिंग सेंटरवर जेटच्या फवाऱ्यानं सायकल धुतो. तो फवारा सीलच्या आतपर्यंत पाणी पोचवतो. बाहेरून सायकल चकाचक, आतून गंज सुरू! धुवायची तर बादली, फडकं आणि साध्या पाइपचं पाणी पुरे.

कासच्या पठारावर पडलेला पाऊस उरमोडी आणि कोयनेतून कृष्णेला मिळतो आणि पुढे सांगलीला पोचतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. घराघरांत दारामागे लावलेल्या सायकली दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. त्यातल्या सगळ्याच काही आपल्यासारख्या हौसेच्या नसतात. कुणाची शाळा त्यावर असते, कुणाची दुधाची लाइन, कुणाची कारखान्यातली पहिली पाळी. पुरातून निघालेली सायकल पुसली की चालू लागते, म्हणून आपण खूश होतो. पण नळ्यांमधलं पाणी हळूहळू तळाशी, म्हणजे नेमकं बीबीतच उतरतं. आतलं ग्रीस दुधाळ होतं आणि काही दिवसांत छर्रे गंजतात. अशा वेळी सीटचा दांडा काढायचा, सायकल उलटी करून पाणी निथळू द्यायचं आणि बीबी उघडायचाच. ‘सीलबंद आहे, काही होत नाही’ यावर विसंबू नका. ते सील पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतं, महापुरासाठी नाही.

सांगलीत एका दुकानात मी तासभर उभा होतो. काळ्या सायकलीचा कॉटर हातोडीच्या एका ठोक्यात बाहेर आला. मिस्त्रीमामांनी वाट्या उघडल्या, पाव इंची छर्रे रॉकेलमध्ये टाकले, वाटीत बोटानं ग्रीस भरलं आणि एका बाजूला ११ असे नवे छर्रे माळेसारखे बसवले. मी आपला शहाणपणानं म्हणालो, ‘‘मामा, नुसतं तेल सोडलं तर नाही का चालणार?’’ मामांनी वरही बघितलं नाही. ‘‘तेलानं आवाज बंद हुईल वो. झीज न्हाई बंद हुणार.’’

आपल्या आई-बाबांच्या पिढीत याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणायचे. शब्द मुळात ओव्हरहॉलिंग, पण आपला जास्त गोड! वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलायची, साफ करायची, ग्रीस भरून जोडायची. या भागाला हे काही नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं. लोखंडी नांगर नंतर आला आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये. एवढा मोठा उद्योग, पण आरंभ सायकलपासून!

आपल्या माउंटन बाइकला बहुधा सुटे छर्रे नसतात, सीलबंद कार्ट्रिज असतं. ते उघडून ग्रीस भरत बसायचं नाही, खरखरलं की सरळ बदलायचं. साधं कार्ट्रिज दोघांच्या मल्टिप्लेक्स-पॉपकॉर्नच्या पैशांत येतं. स्वतः करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चौकोनी एक्सलवरचा क्रँक काढायला क्रँक पुलर वापरा. मामांचा हातोडा कॉटरसाठी असतो, अॅल्युमिनियमसाठी नाही. दोन, बहुतेक माउंटन बाइकमध्ये चेनच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवली की सुटते. उलट दिशेला जोर लावलात तर आणखी घट्ट बसेल. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी वाटी अडकणार नाही. तीन, बोल्ट अंदाजानं पिळू नका. शिमानोच्या चौकोनी एक्सलसाठी ३५ ते ५० न्यूटन-मीटर, तर बेअरिंग बाहेर असलेल्या हॉलोटेक २ प्रकारात डाव्या क्रँकच्या दोन बोल्टना १२ ते १४. टॉर्कचा पाना नसेल तर दुकानात जा, त्यात कसला कमीपणा?

आणि हे करायचं कधी? मुहूर्त आपल्या कॅलेंडरातच आहे. पाऊस ओसरत आलेला असतो, कासची फुलं बघून झालेली असतात आणि खंडेनवमी येते. अवजारांची, गाड्यांची पूजा करायचा दिवस. सायकलच्या हँडलला झेंडूची माळ तर घालाच. पण त्याआधीच्या रविवारी खाली वाका, क्रँक हलवून बघा, चेन उतरवून एक फेरा फिरवा. सगळं गुळगुळीत निघालं तर उत्तम. कटकट आलीच, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणू नका.