सहा टोप्या, एक निर्णय
माल्टात जन्मलेल्या एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या ‘सहा विचार-टोप्यां’च्या पद्धतीत बैठकीतील सर्वांनी एका वेळी एकाच अंगाने विचार करावा, म्हणजेच समांतर विचार करावा, अशी अपेक्षा असते; त्यात पांढरी टोपी माहितीची, तांबडी भावनेची, पिवळी लाभाची, हिरवी नव्या कल्पनांची, तर निळी चर्चेच्या नियमनाची मानली जाते. उरलेली काळी टोपी, म्हणजे धोके हेरणारी सावध दृष्टी, हीच खरी कसोटीची; कारण ती सर्वांनाच घालावी लागत असल्याने शंका घेणारा एकटा पडत नाही आणि प्रस्ताव मांडणाऱ्यालाही स्वतःच्या योजनेतील उणिवा शोधाव्या लागतात. वरिष्ठांचे मत आधीच ठरलेले असेल (आणि आपल्याकडे ते दुर्मीळ नाही), तर मात्र हा सारा खटाटोप निव्वळ उपचार ठरतो.