गाळ काढण्याआधी ढिवरांना विचारा

10 जुलैचा मत्स्य शेतकरी दिन जवळ आला की आपल्या क्षेत्रात सगळीकडे मत्स्यबीजाचे आकडे बोलू लागतात. 1957 साली याच तारखेला डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजासाठी नदीच्या पुराची वाट पाहणे त्यामुळे संपले. हे ऋण मोठे आहे. पण पूर्व विदर्भात बीज सोडणे म्हणजेच मत्स्यव्यवसाय असे आपण मानून बसलो आणि तलावाकडे बघायचे विसरलो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांतले कितीतरी बांधले. धानाच्या बांध्यांना त्यांचे पाणी मिळाले आणि मासा ढिवरांना. 1951 मध्ये मालगुजारी गेली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. पिढ्यान्‌पिढ्या तलाव ओळखणारा ढिवर असा पाच वर्षांचा ठेकेदार झाला.

आपल्या प्रशिक्षणातला पहिला धडा आठवून पाहा. तलावातले गवत काढा, मोहाची पेंड टाकून मरळ, मागूर, शिंगी हे नको असलेले मासे मारा, मग कार्पचे बीज सोडा. बारमाही छोट्या शेततळ्यात हे ठीक आहे. शेकडो एकरांच्या, उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या मामा तलावात मात्र तेच करणे चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुना ढिवर सगळ्या गवतांना एका मापाने मोजत नाही. बेशरम आणि जलकुंभी त्यालाही नकोच असतात. पण पाण्याखाली वाढणारी, पाण्यावर पाने पसरणारी आणि काठच्या उथळ पाण्यात उभी राहणारी गवते त्याला वेगवेगळी ठाऊक असतात. कुठल्या गवतात मासा अंडी घालतो, कुठल्यात पिल्ले लपतात, कुठले पाणपक्षी खातात, हे तो सांगू शकतो. मरळ, शिंगीसारखा देशी मासा आपल्याच तलावात वाढतो आणि तिथेच प्रजननही करतो. त्याचे बीज दरवर्षी विकत आणावे लागत नाही. त्याला उथळ काठ आणि गवत तेवढे हवे.

मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांचे हे ज्ञान त्यांच्याबरोबर बसून नोंदवले आणि कामालाही लावले. अर्जुनी मोरगाव परिसरात बेशरम उपटून, तलावाच्या तळाचा काही भाग नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या. त्यात ढिवर स्त्रियांचे गट पुढे होते. मासळी विकणाऱ्या या बायका संस्थांच्या सभासद यादीत फारशा नसतात, हेही इथेच नोंदवायला हवे.

2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ निघतो आहे. शेताला त्याचा फायदा आहे आणि तलावाची साठवणही वाढते. पण जेसीबी काठापासून सरळ खोल खणत गेला की उतार जातो, आणि सुकलेल्या मातीत पावसाची वाट पाहणारे कंद आणि बियाही ट्रॉलीत भरून जातात. काठाला उगवणाऱ्या देवधानाचे, म्हणजे रानभाताचेही तेच होते. अंदाजपत्रकात घनमीटर असतात. कुठे खणू नये हे त्यात लिहायला रकानाच नाही.

उतार गेला की काय होते हे बघायला आम्हाला लांब जावे लागत नाही. नागपुरात गांधीबागेपासून थोड्याच अंतरावर गांधीसागर आहे, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळचा जुम्मा तलाव. आज त्याला चहूबाजूंनी भिंत आहे. त्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या नागपूरकरांना नव्या नाहीत. सांडपाणी आणि विसर्जन ही कारणे आहेतच. पण भिंतीला भिडलेल्या पाण्यात काठचे गवत उगवणार कुठे?

काठाइतकाच मासेमारीचा काळही राखायला हवा. राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत त्याहून जुनी. पहिल्या पावसात सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, चढणारा मासा धरू नये, एवढी शिस्त तलावांवरही संस्था स्वतः लावू शकतात. ढिवरांच्या ज्ञानाला आणि हक्काला कायद्यातही जागा आहे. वनहक्क कायदा 2006 मासळी आणि जलाशयांतल्या इतर उपजावरचे सामूहिक हक्क मान्य करतो. जैवविविधता कायद्याखालची लोकजैवविविधता नोंदवही गावोगाव असायला हवी. कायदा आहे, पण अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर ती नोंदवही पोहोचत नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच: मामा तलावाच्या कामाला तांत्रिक मंजुरी देण्याआधी अभियंता, मत्स्य अधिकारी आणि गावचे जाणते ढिवर, बायका धरून, यांनी तलावाला एकत्र फेरी मारावी. जो काठ राखायचा, तो नकाशावर आखून घ्यावा. काम झाल्यावर सही घेण्याला सल्लामसलत म्हणू नये. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाने अशा जाणत्या ढिवरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे.

वाचकांनी आपल्या तलावातल्या गवतांची आणि माशांची स्थानिक नावे, त्यांचा काळ आणि उपयोग लिहून आमच्याकडे पाठवावेत. सांगणाऱ्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, सोबत जरूर लिहावे.