भातातील करगा आणि गटातील तोतया

मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या भातखाचरांत करगा नावाचे रानभात उगवते. लोंबी येईपर्यंत ते भातापासून वेगळे ओळखू येत नाही, आणि कापणीपूर्वीच दाणे झाडून जमिनीत पुढच्या हंगामाची तरतूद करून ठेवते. पिकाचे रूप घेणाऱ्या अशा तणांचा अभ्यास रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी केला होता. खुरपणाऱ्याच्या हाती वेगळे दिसणारे रोप लागते, सारखे दिसणारे सुटते. पिढ्यान्पिढ्या अशी निवड होत तण अधिकाधिक पिकासारखे होत जाते. १९८९ पासून तणसंशोधनाचे राष्ट्रीय केंद्र असलेल्या जबलपुरात हे नव्याने सांगायला नको. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत मात्र याच जातकुळीचे तण माजले आहे, आणि त्याच्या निंदणीचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकला जात आहे.

पीएम-किसानच्या हप्त्याचे नाव लावलेली एपीके फाइल गटात येते. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाइलवरील संदेश, ओटीपीसह, परक्या हाती जातात. बँक खाते रिकामे होते. पुष्कळदा व्हॉट्सॲपही ताब्यात जाते आणि तीच फाइल त्या शेतकऱ्याच्या नावाने पुढच्या गटांत पोचते. क्रमांक खरा, छायाचित्र खरे, माणूस तेवढा खोटा. अनोळखी क्रमांकापासून सावध राहण्याची नेहमीची सूचना येथे कुचकामी ठरते. कृषी सहायकाच्या नावाने आलेली फाइल उघडणारा शेतकरी भोळा नसतो. विस्तार यंत्रणेने वर्षानुवर्षे जोडलेल्या विश्वासावर तो चालत असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो विश्वास त्यातून परत मिळत नाही.

करग्यावर एक उपाय पिकाचाच रंग बदलण्याचा निघाला. जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ भात पेरले की हिरवा करगा रोपावस्थेतच नजरेत भरतो. (सतत तीच जात घेतली तर संकरातून करगाही जांभळा होतो, हेही खरे.) संस्थांनीही आपली खूण स्वतःच ठरवावी. बोधचिन्हाची वा मोहरेची नक्कल दुसऱ्याच दिवशी होते. त्यापेक्षा ‘गटात आम्ही फाइल किंवा ॲप कधीच पाठवणार नाही’ असे जाहीर करून ते कसोशीने पाळावे. मग फाइल आली, एवढ्यावरूनच ती खोटी ठरते. आज पुष्कळ ठिकाणी पीकसल्ला, लाभार्थ्यांच्या याद्या, अर्ज आणि ॲपचे दुवे एकाच गटात, तेही खासगी क्रमांकांवरून येतात. तोतयासाठी ही मशागत यंत्रणाच करून ठेवते. ही सवय मोडणे कार्यकर्त्यांना गैरसोयीचे होईल. ती गैरसोय सोसावी.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर कळवले तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते. गटचालकाने तो क्रमांक तत्काळ काढून सर्वांना कळवायला हवे. बहुधा उशीर होतो तो संकोचाने. गावात हसे होईल म्हणून फसलेला माणूस दोन दिवस गप्प राहतो, आणि तेवढ्यात त्याच्या नावाने फाइल शेजारच्या तालुक्यात पोचलेली असते.