सहा डिसेंबरचा चमत्कार आणि एक जूनचा हिशेब

डिसेंबर उजाडला की एक चित्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागते. रवींद्र जडेजा, जसप्रीत बुमरा, श्रेयस अय्यर, करुण नायर, आर. पी. सिंग आणि या पंगतीला अलीकडे येऊन बसलेला अंशुल कंबोज. सहाही जण भारताकडून कसोटी खेळलेले आणि सहाही जण ६ डिसेंबरला जन्मलेले. कुणी हौशी माणूस त्यात इंग्लंडच्या अँड्र्यू फ्लिंटॉफची आणि न्यूझीलंडच्या ग्लेन फिलिप्सची भर घालतो. महाराष्ट्राला ही तारीख महापरिनिर्वाण दिनाची म्हणून ठाऊक आहे. क्रिकेटवेड्यांनी तिच्या शेजारी आपली एक नोंद करून ठेवली. गंमत म्हणून हे सगळे छानच. मात्र चित्राखाली मजकूर येऊ लागतो, सहा हा शुक्राचा अंक, शुक्र म्हणजे कीर्ती, म्हणून या तारखेच्या मुलाला बॅट घेऊन द्या, तेव्हा गंमत संपते आणि वादाला तोंड फुटते.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपली जुनी रीत. तो मांडू. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध करुण नायरने नाबाद ३०३ धावा केल्या. दुसऱ्याच दिवशी त्याच खेळपट्टीवर जडेजाने ४८ धावांत ७ बळी घेऊन सामना डावाने खिशात घातला. एका कसोटीचे दोन नायक, दोघांचा वाढदिवस एक. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला कंबोज पहिली कसोटी खेळला, तेव्हा अकरा जणांच्या संघात बुमरा, जडेजा आणि तो असे तिघे ६ डिसेंबरचे होते. संघात अकरा माणसे, वर्षात ३६५ दिवस आणि तिघे एकाच तारखेचे! हा योगायोग कसा म्हणायचा, असा पूर्वपक्षाचा प्रश्न आहे.

योगायोगच म्हणायचा, आणि तो वाटतो तितका दुर्मीळही नाही. फुटबॉलच्या मैदानावर दोन संघांचे २२ खेळाडू आणि एक पंच अशी २३ माणसे उतरतात. त्यांच्यापैकी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, ५०.७ टक्के असते. ऐकणाऱ्याला हे खोटे वाटते, कारण तो मनात स्वतःची तारीख धरून बसलेला असतो. पण २३ माणसांत जोड्या होतात २५३, आणि त्यातली कोणतीही एक जुळली तरी काम झाले. ब्राझीलमधल्या २०१४ च्या विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येकात २३ खेळाडू. याद्या तपासल्या तेव्हा १६ संघांत किमान एक जोडी एकाच वाढदिवसाची निघाली. बरोबर निम्मे.

आता सहा जणांचे बघू. भारताकडून आजवर कसोटी खेळलेले पुरुष सव्वातीनशेच्या आसपास आहेत. एवढी माणसे ३६५ दिवसांवर चिठ्ठ्या टाकून वाटली, तर कुठल्यातरी एका तारखेवर सहा किंवा अधिक जण गोळा होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक येते. दहात एक म्हणजे चमत्कार नव्हे; नाणेफेक लागोपाठ तीनदा हरण्यापेक्षा थोडी कमी शक्यता, इतकेच. शिवाय ही तारीख कुणी आधी सांगितली नव्हती. सहा जण जमले, मग तारखेवर वर्तुळ काढले. ते वर्तुळ ९ मार्चला किंवा १४ ऑगस्टला निघाले असते, तर आज त्या आकड्याची महती सांगणारे चित्र फिरले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढाच याचा अर्थ.

बरे, तारखेचा प्रताप मानला तर तो सर्वांना सारखा लाभायला नको का? त्रिशतकवीर नायर २०१७ च्या मार्चमध्ये धरमशालेची कसोटी खेळला आणि पुढची आठ वर्षे बाहेर राहिला. त्याला पुन्हा बोलावणे आले ते २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात. ज्या काळात त्याचे दार बंद झाले, त्याच काळात, जानेवारी २०१८ मध्ये, बुमरा केपटाऊनला पहिली कसोटी खेळत होता. पुढे २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात १५ बळी घेऊन तो स्पर्धेचा मानकरी ठरला. शुक्र एकच, तारीख एकच. एकासाठी काळोख आणि दुसऱ्यासाठी पहाट.

यावर ज्योतिषाचा अभिमानी म्हणतो की नुसत्या तारखेने काय होणार, स्थळही पाहिजे. मग अमेरिकेतले डोनोरा घेऊ. पेन्सिल्व्हेनियातले हे पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांचे छोटे गाव. १९४८ मध्ये तिथल्या विषारी धुक्याने वीस माणसे मेली, त्यामुळे पर्यावरणाच्या इतिहासातही त्याचे नाव आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी तिथे स्टॅन म्युझियल जन्मला आणि २१ नोव्हेंबर १९६९ रोजी केन ग्रिफी ज्युनियर. दोघेही बेसबॉलपटू, दोघेही डावखुरे फलंदाज, दोघेही त्या खेळाच्या गौरवदालनात. म्युझियलचे ४७५ होमरन, ग्रिफीचे ६३०. गाव एक, तारीख एक, हातही एकच. पूर्वपक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

पण या साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. ग्रिफी ज्युनियरचा बाप केन ग्रिफी सीनियर हा स्वतः व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर खेळलेला. आजोबा बडी ग्रिफी हे डोनोराच्या शाळेत खुद्द म्युझियलच्या संघात होते. म्हणजे गावात बेसबॉल मुरलेला होता, घरात तीन पिढ्या तो चालत आला होता आणि पोराला बापाच्या संघाची ड्रेसिंग रूम अंगणासारखी होती. एवढी ठसठशीत कारणे समोर असताना २१ तारखेला श्रेय द्यायचे, तर त्या बापाने आणि आजोबाने काय केले?

अंकशास्त्राचा दावा आणखी सोप्या रीतीने ढासळतो, कारण नवाच्या नवा अंकांना दिग्गज सापडतात. एकाला १० जुलैचे सुनील गावसकर. दोनाला २९ ऑगस्टचे ध्यानचंद. तीन अंकावर २१ ऑगस्टचा उसेन बोल्ट, चारावर २२ मेचा जोकोविच, पाचावर कोहली आणि सिंधू. सहाला २४ एप्रिलचा सचिन, साताला धोनी, आठाला फेडरर आणि सेरेना, नवाला २७ तारखेचे ब्रॅडमन आणि पी. टी. उषा. दहावा अंकच नाही, नाहीतर त्यालाही कुणी मिळाला असता. आणि पेलेचे काय करायचे? त्याच्या जन्मदाखल्यावर २१ ऑक्टोबर आहे आणि तो स्वतः आयुष्यभर २३ सांगत आला. दाखला खरा धरला तर अंक तीन, पेले खरा धरला तर पाच. गोल मात्र दोन्ही हिशेबांत तेवढेच राहतात.

खाशाबा जाधवांची १५ जानेवारी ही जन्मतारीख आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे आणि ते योग्यच झाले. जन्मतारखेचा हा उपयोग कुणीही नाकारू नये. माणसाची आठवण ठेवायला वर्षातला एक दिवस लागतो. पण कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कुणी पोहोचवले? आपले घर गहाण टाकून पैसे उभे करणाऱ्या कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी, वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांनी आणि तालमीतल्या मातीने. पदक आधी आले, तारखेला मान नंतर मिळाला. हा क्रम उलटा वाचणे म्हणजे या सगळ्यांच्या कष्टांवर बोळा फिरवणे आहे.

इथे बुद्धिवादी वाचक खूश होऊन म्हणेल, चला, जन्मतारखेला काही अर्थ नाही हे ठरले. त्याचेही चुकते, आणि त्याची चूक जास्त महागात पडते.

कॅनडातल्या लेथब्रिज शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर बार्न्सले हे मानसशास्त्रज्ञ पत्नीसह कुमारांच्या आइस हॉकीचा सामना बघायला गेले होते. सामन्याच्या पुस्तिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या. पत्नी पॉला यांचे त्यांकडे लक्ष गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च यांचीच रीघ लागलेली. बार्न्सले यांनी मग कुमार लीगच्या याद्या काढल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुले शेवटच्या तिमाहीतल्या मुलांच्या कितीतरी पट होती. कारण सरळ आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. दहा वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणजे त्याने एक दशांश आयुष्य जास्त काढलेले. तो उंच, दणकट, म्हणून निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, चांगले मैदान आणि जास्त सामने मिळतात. चार वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो, आणि निवड समिती स्वतःच्या नजरेवर खूश होते.

ग्रहांचा पक्षकार इथेही घुसू पाहील, की जानेवारीचे ग्रहच बलवान. त्याला बेल्जियमचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे कुमार फुटबॉलचे वर्ष १ ऑगस्टपासून मोजत आणि निवडलेल्या मुलांत ऑगस्ट-सप्टेंबरची गर्दी असे. १९९७ मध्ये ही सीमा १ जानेवारीवर नेली. वर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी बदलाआधीची व नंतरची यादी तपासली, तेव्हा गर्दी सरकून वर्षाच्या पहिल्या महिन्यांत आलेली दिसली; ऑगस्टच्या मुलांची सद्दी ओसरली. आकाशात काही हलले नव्हते. एका कार्यालयातून एक परिपत्रक निघाले होते.

याचा अर्थ ५ फेब्रुवारीच्या रोनाल्डो, नेमार आणि तेवेझ या त्रिकुटाचे कर्तृत्व परिपत्रकाने घडवले, असा नाही. हा कल आहे, कुंडली नाही. २४ जून ही मेस्सीची तारीख वर्षाच्या मध्यावरची, त्यात लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता. तरी तो मेस्सी झाला. पण त्याच्या इंजेक्शनांचा खर्च उचलणारा बार्सिलोनासारखा क्लब होता. असा क्लब न भेटलेली, वर्गात सर्वांत लहान ठरलेली आणि बाराव्या वर्षी घरी बसलेली मुले कुठल्याच वाढदिवसाच्या चित्रात दिसत नाहीत.

आपल्याकडे क्रिकेटचे वयोगट साधारण १ सप्टेंबरपासून मोजतात. म्हणजे तारखेचे वजन ग्रहांत नसून यादीत आहे, हे पालकांना पंचांगवाल्यांच्या आधी समजले. त्यातून वयचोरी आली. मराठी मुलखाला कागदावरची तारीख आणि खरी तारीख यांतले अंतर नवे नाही. गुरुजींनी पोराला उभे केले, त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो का पाहिले आणि हजेरीपटात १ जून लिहून टाकले. अशा १ जूनवाल्यांची अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. अंकशास्त्राने तिला सूर्याची लेकरे म्हणायला हरकत नाही. त्या १ जूनमागे सोय होती, लबाडी नव्हती. आता दाखल्यावरची वर्षे हिशेबाने कमी केली जातात. शाहिद आफ्रिदीने १९९६ मध्ये नैरोबीत ३७ चेंडूंत शतक ठोकले तेव्हा नोंदीप्रमाणे तो सोळा वर्षांचा होता. २०१९ च्या आत्मचरित्रात त्याने आपला जन्म १९७५ चा असल्याचे लिहून टाकले. भारतीय क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाची क्ष-किरण तपासणी करते ते याच भीतीपोटी. राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात विचारले होते की आईबाप आणि प्रशिक्षक खोटा दाखला करताना दिसले, तर मूल त्यांच्याकडून काय शिकणार? त्या प्रश्नाला अजून धड उत्तर मिळालेले नाही.

वयचोरी पकडायला यंत्र लागते, पण वयाचा पक्षपात कमी करायला फार काही लागत नाही. नेदरलँड्समध्ये डेव्हिड मॅन आणि प्लेन व्हॅन गिनेकेन यांनी २०१७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुमार फुटबॉलपटूंना जर्सीचे आकडे वयाच्या क्रमाने दिले आणि निवडकर्त्यांना तो क्रम सांगितला. मुलांच्या जन्मतारखांची नुसती यादी हातात दिली होती, तेव्हा मोठ्या मुलांकडे झुकणारा त्यांचा कल कायम राहिला होता. आकडा पाठीवर दिसू लागला तसा तो नाहीसा झाला. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या निवड चाचण्या घेणाऱ्या संघटनांनी हे येत्या हंगामातच करून बघावे. जर्सीवर आकडे तसेही छापायचेच असतात.